खंडेनवमीची पळी

बेन्सन टाउन, बेंगळुरू
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चि. सुमंत यास,

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या घरात, माझ्यादेखत, दारामागच्या खिळ्यावरून माझ्या जीपची किल्ली काढलीस आणि खिशात घातलीस. गाडीच्या कागदांची निळी फाइलही नेलीस. जाताना म्हणालास, "आत्या, हे तुझ्या भल्यासाठी आहे." आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना सांगायच्या की कोणी आपल्या भल्याची गोष्ट काढली की आधी आपली कंपासपेटी उघडून बघावी. मी खिळा बघितला. रिकामा आहे.

फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. वॉट्सॅपवर तू नुसते जोडलेले हात पाठवतोस. म्हणून हे पत्र. आपली सूनबाई सुप्रीता रोज जो डबा पाठवते त्याच्या पिशवीतून ते तुझ्याकडे येईल. उत्तर त्याच पिशवीतून यावं, कागदावर आणि पूर्ण वाक्यांत. सुप्रीताचा या भांडणाशी संबंध नाही. कालचं सारू उत्तम होतं, तिला सांग.

आता शनिवारी काय झालं ते ऐक, कारण ते तू विचारलंच नाहीस. वाळूत रुतलेली जीप पाहिलीस आणि निकाल देऊन मोकळा झालास.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तो पहिला शनिवार. मी नेहमीसारखी देवनहळ्ळीला माझ्या चकोत्यांकडे, तुमच्या पुस्तकी मराठीत पपनसांच्या झाडांकडे, गेले. परत निघाले तेव्हा गाडी जड वाटत होती, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. विमानतळाच्या रस्त्यावर जळका वास आला. पुढे एक लॉरी होती, तिचाच असेल म्हणून मी तिला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. आमच्या गल्लीच्या उतारावर वळले, ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. तेच. मी गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि पहिल्यावर आणला, हँडब्रेक ओढला. डावीकडे फुलवाली बसली होती, उजवीकडे विजेचा खांब, आणि मधे त्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीचा वाळूचा ढीग. मी ढीग निवडला. फुलवालीच्या एका शेवंतीलाही धक्का लागला नाही.

याला तू "कंट्रोल गेला" म्हणालास. आणि वर, "घाईत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला असशील, होतं या वयात."

माझे दोन्ही पाय मला एकाहत्तर वर्षं ओळखतात. किल्ली परत पाठव.

पत्राखाली आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते सध्या राखून ठेवले आहेत.

तुझी आत्या,
अहल्या


कॉक्स टाउन, बेंगळुरू
बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

शाळेनंतर मराठीत एवढं लांब मी प्रथमच लिहितोय. चुका लाल पेनने दाखवून परत पाठवू नकोस.

मी निकाल दिला म्हणतेस, पण मी चौकशीही केली. सोमवारी शिवाजीनगरहून गॅरेजवाला आणला, तू खिडकीतून बघत होतीस. त्याने जीप ढिगातून काढली, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, चार वेळा जोरात ब्रेक मारला. चारही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. तो म्हणाला, "ब्रेक सरियागिदे सार. मेडमगे वयस्सायितल्ला." ब्रेक ठीक आहेत, मॅडमचं वय झालं, हे तो म्हणाला. मी नाही.

समोरच्या अपार्टमेंटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही मी बघितलं. जीप उतारावरून येते आणि न थांबता सरळ ढिगात जाते. हळू होते, पण थांबत नाही. माझ्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस?

आत्या, मी तुझ्याशी भांडत नाही. बाबांच्या वेळी त्यांची नजर कमी झालीय हे मला माहीत होतं. त्या सकाळी स्कूटरची किल्ली त्यांना सापडत नव्हती. ती मी शोधून दिली. ते हेब्बाळच्या चौकापर्यंतच पोचले. नंतर सगळे म्हणाले स्कूटरमध्ये काही दोष नव्हता. मला दुसऱ्यांदा किल्ली शोधून द्यायची नाही, एवढंच.

तुझ्यासाठी मोबाइलवर कॅबचं ॲप घातलंय. शनिवारी सकाळी नऊला कॅब दारात येईल, देवनहळ्ळीला सोडेल, थांबेल, परत आणेल. जीप उभी राहून गंजण्यापेक्षा चांगल्या हातात जावी असं मला वाटतं. ऑफिसमधल्या अभिजीतला जुन्या फोर-व्हीलची आवड आहे. तो रविवारी, २३ तारखेला बघायला येतोय. नुसतं बघू दे.

सुप्रीताने आज चित्रान्न दिलंय. दाणे कमी घातलेत, तुझ्या दातासाठी.

तुझा,
सुमंत


बेन्सन टाउन
शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. सुमंत यास,

माझ्या दातांना काही झालेलं नाही. दाणे नेहमीएवढे घालायला सांग.

आज शनिवार. तुझी कॅब नऊला आली. चालकाने मुख्य रस्त्यापर्यंतच नेतो म्हणून सांगितलं. आत चिखल आहे, गाडी कंपनीची आहे, सरी मॅडम? मी म्हटलं सरी, ठीक आहे, आणि त्याला परत पाठवला. ज्या वाटेवर शेवटचं अर्धं अंतर चारही चाकांना जोर लावावा लागतो तिथे मोबाइलमधलं ॲप काय करणार? चकोत्याच्या झाडांभोवती आता तिन्ही बाजूंनी लेआउटवाल्यांनी प्लॉटचे दगड रोवलेत. चौथ्या बाजूने मी जाते म्हणून ती बाजू अजून शेत आहे. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, दया यावी म्हणून नाही.

तर सकाळ मोकळी होती, ती मी जीपखाली घालवली.

किल्ली तू नेलीस, पण आपल्या जीपचं बॉनेट बाहेरच्या कडीने उघडतं, आणि जॅक लावायला किल्ली लागत नाही. शेजारच्या महानंदाला बोलावलं. ती माझ्या वर्गातली, तुला माहीत आहे, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली. तिला चालकाच्या जागी बसवलं. गिअर आणि फोर-व्हीलचा दांडा दोन्ही न्यूट्रलला. पुढचं डावं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. गरगर फिरलं.

"बघ, चांगलं आहे," महानंदा वरून म्हणाली. "उगाच माझ्या साडीला ग्रीस."

"दाब," मी म्हटलं. "सोड. दाब. सोड. दाबत राहा."

"अहल्या, स्वल्प थांब गं. हा गुडघा आहे, जॅक नाही."

पण तिने दाबलं. खूपदा दाबलं, वर सिस्टर फिलोमिनांचं भजन म्हणत. मग मी म्हटलं, पाय काढ, दोन्ही पाय पायरीवर ठेव. तिने ठेवले. आणि चाक हललं नाही. मी दोन्ही हातांनी लोंबकळले तरी हललं नाही. ब्रेकवर कोणाचाही पाय नव्हता, सुमंत, आणि ब्रेक लागलेला होता.

चाकाच्या मागे हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो. तो मी पान्ह्याने अर्धा फेरा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे चाक गंजून अडकलेलं नाही. पाय काढल्यावर जो दाब मागे परतायला हवा तो नळीत कोंडून राहतो. बाकीची तीन चाकं एकेक करून पाहिली. चौघांचीही तीच कथा. चारही चाकं एकदम आजारी पडत नाहीत. चौघांना दाब जिथून जातो त्या मास्टर सिलिंडरमध्ये खोट आहे.

आता शनिवार पुन्हा वाच. मी ब्रेक दाबते, सोडते, पण ब्रेक पुरता सुटत नाही. मैलोगणती चारही चाकं घासत राहतात. म्हणून गाडी जड, म्हणून जळका वास. त्या लॉरीची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. चाकं तापतात, तेल उकळतं, त्याची वाफ होते. तेल दाबलं की ब्रेक लागतो, वाफ दाबली की नुसती दबते. पाय तळाला जातो. सोमवारपर्यंत सगळं गार झालं होतं. ताप उतरल्यावर वैद्य आणलास, त्याने रोग्याला दोन फेऱ्या चालवून पाहिलं आणि धडधाकट ठरवलं. मेडमगे वयस्सायितु म्हणे. माझं वय झालं हे मला जन्मतारखेवरून कळतं. त्याला त्याचे पैसे दिलेस का?

हे मला कसं कळतं असं तू विचारशील. पस्तीस वर्षं मी विद्यापीठाच्या जीपमधून गावोगाव माती गोळा करत हिंडले. चित्रदुर्गाच्या माळावर गाडी बंद पडली की तिथे शिवाजीनगर नसतं.

एकच गोष्ट मला उलगडत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये रबराच्या वाट्या असतात. त्या फुगल्या की दाब परत येत नाही, आणि त्या फुगतात चुकीच्या तेलाने. पण ब्रेकचं तेल मी स्वतः उन्हाळ्यात बदललं, सीलबंद डब्यातलं. तेव्हापासून त्यात मी थेंबही घातलेला नाही.

आणि आता तुझ्यासाठी एक प्रश्न. त्या कॅमेऱ्याच्या चित्रात माझ्या जीपचे मागचे लाल दिवे पेटलेले आहेत की नाहीत? ब्रेकवर पाय असला की ते पेटतात. ॲक्सिलरेटरवर असला तर पेटत नाहीत. एका शब्दाचं उत्तर आहे, मराठीत चुकायला जागा नाही.

विश्वेश्वर तुझा बाप होण्याआधी माझा भाऊ होता. त्याची आठवण माझ्या जीपला कुलूप म्हणून लावू नकोस.

अहल्या


कॉक्स टाउन
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

एकाहत्तराव्या वर्षी, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले नाहीत, आणि तू जॅकवर उचललेल्या जीपखाली शिरलीस. हे वाचून सुप्रीता रात्रभर झोपली नाही. मी कोणाला काय सांगू?

तू लिहिलेलं सगळं खरंही असेल. जुन्या गाडीत काहीतरी निघणारच. पण तेच तर मी म्हणतोय. आज हे निघालं, उद्या दुसरं निघेल, आणि दरवेळी तिथे वाळूचा ढीग नसेल. अभिजीत तरुण आहे, त्याचे हातपाय चपळ आहेत. त्याला गाडी मनापासून हवीय. रविवारी दहाला येतो म्हणालाय, आणि पसंत पडली तर तिथूनच मित्रांना घेऊन सकलेशपूरच्या घाटात नेणार आहे. सोबत गाडी त्याच्या नावावर करायचा फॉर्म पाठवलाय. पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर.

आणि मी तुझ्या जीपचा शत्रू आहे असं लिहू नकोस. तसं तू लिहिलेलं नाहीस, पण तसं वाचताना वाटतं. खंडेनवमीला तू डोळ्यावर पट्टी बांधून आत पडून होतीस. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा घरातलं सगळं लोखंड मी पुजलं. विळी, कात्री, शिलाईचं मशीन, आजोबांची पहार. आतून तू ओरडलीस, "जीपला पळी विसरू नकोस." मी विसरलो नाही. गंध लावलं, झेंडू बांधला, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. बॉनेट उघडून तेलाची पळी ओतली. जागा मला कोणी दाखवावी लागली नाही, समोरच छोटा पांढरा डबा होता, झाकणही हाताने फिरलं. मनातल्या मनात तुझ्या डोळ्यासाठी मागितलं. एवढं करणारा माणूस तुझी गाडी वैराने काढून घेईल का?

रविवारी दहा वाजता आम्ही येतो. कृपया तमाशा नको.

तुझा,
सुमंत


बेन्सन टाउन
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. सुमंत यास,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लाल दिव्याचं उत्तर त्यात कुठेच नाही. एका शब्दाच्या प्रश्नाला तू दोन पानं लिहिलीस आणि तो शब्द तेवढा गाळलास. जो माणूस 'नाहीत' लिहू शकला असता, त्याने ते पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. म्हणजे दिवे पेटलेले आहेत, आणि ते तू पहिल्या दिवसापासून पाहिलेलं आहेस.

ते बाजूला ठेवू. कारण त्या दोन पानांत तू दुसरंच काहीतरी लिहून गेलास, आणि ते काय आहे हे तुला अजून माहीत नाही.

छोटा पांढरा डबा.

पत्र हातात घेऊनच मी खाली गेले. बॉनेट उघडलं. पांढऱ्या डब्याचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत एक चपटं रबर असतं, नीट घडी घालून बसवलेलं. ते तेलात टाकलेल्या पुरीसारखं टम्म फुगलं होतं आणि परत झाकणात बसेना. तरी खात्री केल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. माती ओळखायची पहिली रीत आहे: काचेच्या बाटलीत घाल, हलव आणि गप्प बस. डब्यातलं तेल मी पिचकारीने काढून लोणच्याच्या धुतलेल्या बाटलीत घातलं, हलवलं आणि ओट्यावर ठेवलं. चहा होईपर्यंत दोन थर पडले. खाली पिवळसर ब्रेकचं तेल. वर, वेगळं, स्वच्छ, पाण्यासारखं दुसरं. महानंदाने बोट बुडवून हुंगलं आणि म्हणाली, "अगं, हे तर माझ्या आईच्या मशीनचं."

शिलाई मशीनचं तेल, सुमंत.

आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आले असं आजोबा सांगायचे. तलवार नंतर वाटणीत कोणाकडे गेली कोणास ठाऊक, पण खंडेनवमीला लोखंडाला तेल द्यायची रीत आपल्याकडे उरली. पूर्वी तिळाचं असायचं. ते चिकटतं म्हणून माझ्या आईने मशीनच्या तेलाची बाटली देव्हाऱ्यात आणून ठेवली. जीपची पळी मी दरवर्षी इंजिनाच्या तोंडात घालते, जिथे घागरभर तेल आधीच असतं आणि एका पळीने कोणाचं पोट दुखत नाही. तू ती ब्रेकच्या तेलात घातलीस. मग ती पळी शांतपणे आत बसून राहिली आणि रबर फुगवत राहिली. जीपही बंद, मीही बंद. आम्ही दोघी एकदमच बाहेर पडलो.

तू म्हणशील, तूच ओरडून सांगितलंस. सांगितलं. देवाला नैवेद्य दाखव म्हटलं की कोणी तो देवाच्या नाकात घालत नाही.

आता पुढचं नीट वाच, इथे मी थट्टा करत नाही. ही गाडी गल्लीत गार असताना झकास थांबते. अभिजीतही रविवारी गल्लीत दोन फेऱ्या मारेल, खूश होईल आणि मित्रांना घेऊन सकलेशपूरला जाईल. घाटाच्या उतारावर, माझ्यासारखाच, तो ब्रेक दाबेल आणि पाय तळाला जाईल. तिथे वाळूचा ढीग नाही. त्याचे चपळ हातपाय त्याला काय उपयोगाचे? एक किल्ली तुझ्या मनातून जात नाही. ही दुसरी तू हसत हसत देणार होतास.

आणि त्या पहिल्या किल्लीबद्दल. विश्वेश्वरच्या वेळी मी पोलिसांबरोबर हेब्बाळच्या चौकात उभी होते, तू इस्पितळात त्याच्यापाशी होतास. लॉरीने सिग्नल तोडला होता. तीन माणसांनी तसं सांगितलं. विश्वेश्वरला हिरवा दिवा दिसला होता, आणि तो बरोबर दिसला होता. हे मी तुला त्या वेळी सांगितलं होतं, पण तेव्हा तुझ्या कानात काही शिरत नव्हतं. म्हणून आता लिहून देते. किल्ली शोधून दिलीस म्हणून तुझा बाप गेला नाही. हा कागद जपून ठेव. आणि यापुढे माझी किल्ली घेऊन त्याची भरपाई करू नकोस.

आता माझं म्हणणं.

अभिजीतला तू स्वतः सांगशील की गाडी विकायची नाही आणि का विकायची नाही. पळीसकट सांगशील. तुझा फॉर्म सोबत परत केला आहे. फुलीच्या जागी मी चकोत्याचं चित्र काढलं आहे. गाडी दोरीने ओढून गॅरेजला जाईल. त्याच शिवाजीनगरच्या माणसाकडे, कारण त्यालाही ही बाटली बघायची आहे. मास्टर सिलिंडर नवा, चारही चाकांतलं रबर नवं, सगळ्या नळ्या धुऊन, आणि मी तिथे स्टूल टाकून बसेन. त्यानंतर तो मला बाजूला बसवून गाडी देवनहळ्ळीपर्यंत नेऊन परत आणेल, तापलेली, आणि तापलेलीच थांबवून दाखवेल. तोवर मीही ती चालवणार नाही. मी हट्टी आहे, मूर्ख नाही. माझ्या डोळ्यांवर तुझा विश्वास नसेल तर डॉक्टरांचा कागद डब्याच्या खालच्या खणात ठेवला आहे. तो वाच आणि परत कर.

वरच्या खणात ते फुगलेलं रबर आहे, प्लास्टिकमध्ये बांधून. सुप्रीताला सांग, ते गरम करू नये.

पुढच्या खंडेनवमीला पळी तूच ओतायची आहेस. बॉनेटपाशी मी उभी राहीन आणि बोटाने दाखवीन.

शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला तुझं लेखी उत्तर हवं आहे. त्यात पहिलं वाक्य लाल दिव्यांविषयी असावं, कर्ता आणि क्रियापदासह. दुसरं वाक्य अभिजीतशी काय बोललास त्याविषयी. हे उत्तर पिशवीतून नको, तू स्वतः घेऊन ये, आणि आत येताना किल्ली जिथून काढलीस त्या खिळ्यावर आपल्या हाताने लाव. चहा ठेवलेला असेल. पाच वाजून गेले तर मी महानंदाला घेऊन, लोणच्याची बाटली घेऊन, बसने अभिजीतच्या घरी जाईन. त्याचा पत्ता तुझ्याच फॉर्मवर होता, तो मी उतरवून घेतला आहे.

आशीर्वाद तयार आहेत. ते तुझं उत्तर वाचून देईन.

तुझी आत्या,
अहल्या